भीतीसोबत वाटही दिसायला हवी

धूम्रपान करणारे सिगारेटच्या पाकिटावरील धोक्याचा इशारा देणाऱ्या चित्राकडे पाहणे टाळतात, म्हणून ती चित्रे निरुपयोगी आहेत, हा एका लेखातील निष्कर्ष मला घाईचा वाटतो. चित्र झाकावेसे वाटते, म्हणजे ते मनाला लागलेले असते. मात्र व्यसन सोडण्याची वाट दिसत नसेल, तर माणूस धोक्याऐवजी भीतीलाच दूर सारतो. त्यामुळे २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूचा ८५ टक्के भाग व्यापणाऱ्या सचित्र इशाऱ्यांपेक्षाही २०१८ मध्ये त्यांच्यासोबत आलेला व्यसनमुक्तीचा मोफत दूरध्वनी क्रमांक मला अधिक मोलाचा वाटतो. आमच्या निपाणी भागात तंबाखू हे शेतातले पीक आहे आणि विड्या वळणे ही अनेक घरांतील बायकांची कमाई आहे. ज्याचा वास लहानपणापासून ओळखीचा, त्याची भीती एकट्या चित्राने कशी बसेल? शिवाय टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही.