तांब्याच्या हंड्यात पन्हं: ‘शून्य कचरा डोहाळजेवणा’च्या फॉरवर्डला उत्तर

‘असं करा शून्य कचरा डोहाळजेवण, 8 सोप्या गोष्टी’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. वर हिरवी पानं, मध्ये रांगता बाळकृष्ण, खाली ‘वसुंधरेसाठी किमान दहा जणींना पाठवा’. पाठवापाठवीपर्यंत हरकत नव्हती. पण काल भाचीच्या घरून फोटो आला. चौथ्या मुद्द्याबरहुकूम तांब्याचा हंडा चिंचेने घासून लख्ख करून ठेवलाय. भाचीला सातवा महिना लागलाय. तेव्हा आधी चौथा मुद्दा, बाकीचे नंतर.

मेसेज म्हणतो: ‘प्लास्टिकचे जग नकोत. पन्हं, लिंबू सरबत, कोकम सरबत सकाळीच करून तांब्या-पितळेच्या हंड्यात ठेवा. तांब्याचे गुण उतरतात, गर्भवतीला उत्तम.’

गुण कसले, तांबंच उतरतं. पितळेत ठेवलेलं ताक ‘कळकतं’, हे पूर्वी घरातल्या शाळकरी पोरीलाही माहीत असायचं. आंबट पदार्थ उघड्या तांब्याला किंवा पितळेला लागला की धातू विरघळून त्यात येतो. चिंचेने घासल्यावर हंडा चकाकतो तो याच कारणाने: आंबटपणा वरचा काळा थर खाऊन टाकतो आणि खालचं उघडं तांबं वर येतं. म्हणजे घासून लख्ख केलेला हंडा पन्ह्यासाठी जास्तच वाईट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या फूड कोडमध्ये हे स्पष्ट शब्दांत आहे: पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) 6 पेक्षा कमी असलेला पदार्थ तांबं किंवा पितळेला लागता कामा नये, उदाहरणादाखल व्हिनेगर आणि फळांचे रस. लिंबाचा रस, कैरीचा गर, कोकमाचा आगळ तिघेही त्याच्या खूप खाली, 2 ते 3 च्या आसपास. त्यात मेसेजप्रमाणे ‘सकाळीच’ भरून ठेवायचं, म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत सात-आठ तास. परिणाम तोंडात धातूची चव, मळमळ, उलटी, पोटात कळ. जिच्यासाठी कार्यक्रम तिचीच आधी मळमळीने पुरेवाट झालेली असते. शिवाय पितळेत पुष्कळदा थोडं शिसं असतं, आणि शिसं वारेतून बाळापर्यंत जातं.

‘पण पूर्वी पितळेचीच पातेली होती ना?’ होती, कल्हईची होती. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा पातळ थर. तो पांढरट चंदेरी दिसतो. तळाशी किंवा काठाला तांबूस-पिवळे डाग दिसले की कल्हई गेली, मग त्यात वरणही शिजवायचं नाही. माळ्यावरून काढलेल्या हंड्याला मुळात कल्हई नसते, कारण तो पाण्याचा. साधं पिण्याचं पाणी त्यात खुशाल भरा, एवढं मान्य. सरबताला नळ असलेलं 15-20 लिटरचं स्टीलचं पिंप भाड्याने मिळतं. पन्नास जणांना माणशी 200 मिली धरून 10 लिटर, दुसऱ्यांदा मागणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन. एवढंच करा. बर्फ पिंपात टाकू नका, तासाभरात पन्हं पांचट होतं. पिंपच घमेल्यात बर्फावर ठेवा. मातीचा माठही पाण्यालाच. पन्हं त्याच्या छिद्रांत मुरतं आणि तो वास पुढे कशानेही जात नाही.

आता पहिला मुद्दा: ‘स्टीलची भांडी धुण्यात पाणी वाया जातं, त्याऐवजी कागदी कप आणि कागदी ताटल्या वापरा, त्या मातीत मिसळतात.’

कागदी कप नुसत्या कागदाचा असता तर चहा हातावर सांडला असता. आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो म्हणून तो टिकतो. शंका असेल तर कप अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा आणि आतला थर नखाने उचला, पारदर्शक कातडं निघून येतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपांत 85 ते 90 अंशांचं गरम पाणी 15 मिनिटं ठेवून तपासलं. 100 मिलीमध्ये प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण सापडले. कार्यक्रमात चहाचा कप हातात किती वेळ राहतो? गप्पा धरल्या तर तेवढाच. हा कप मातीत मिसळत नाही, आणि ओला-चिकट म्हणून भंगारवालाही घेत नाही.

पाण्याचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही, नाइलाजाने कबूल करावं लागेल. नळ सोडून पन्नास जणांची भांडी घासली तर तीनेकशे लिटर पाणी सहज जातं, आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत ते परवडत नाही. उपाय कार्यालयांतल्या भांडीवाल्या मावशींना ठाऊक आहे: तीन टब. पहिल्यात साबणाचं कोमट पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात शेवटच्या विसळणीचं. प्रत्येकी 20-25 लिटर. दुसऱ्याचं पाणी गढूळ झालं की ते ओतायचं, तिसऱ्यातलं दुसऱ्यात घ्यायचं आणि तिसरा ताजा भरायचा. सव्वाशे लिटरच्या आत काम होतं. हे फसतं ते एकाच ठिकाणी: खरकटं नीट न काढता ताटं साबणात टाकली की वीस-पंचवीस ताटांनंतर पहिला टब तेलकट होतो आणि सगळं दोनदा घासावं लागतं. म्हणून टबांच्या आधी एक बादली, तिच्यावर चाळण, आणि ताट पुसायला रद्दी पेपर. आमटी बादलीत, शितं चाळणीवर.

तरीही धुणं जमणार नसेल तर केळीचं पान किंवा पळसाची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ घ्या. मशीनवर दाबलेली ‘पत्रावळ’ उलटून पाहा. खाली पुठ्ठा आणि मध्ये चकाकता थर दिसला तर ती कागदी ताटलीचीच बहीण. केळीचं पान ताठ असेल तर दुमडताना चिरतं. शिरेकडून गॅसवर पटकन फिरवलं की मऊ पडतं.

सहावा मुद्दा वाचून हसावं की रडावं कळेना. ‘जेंडर रिव्हीलसाठी रंगीत धुराऐवजी गुलाल किंवा निळी रांगोळी उधळा, पर्यावरणपूरक!’ परदेशातली यादी उचलायची, ‘बेबी शॉवर’च्या जागी ‘डोहाळजेवण’ टाकायचं आणि बाकी जसंच्या तसं ठेवायचं, त्याचं हे फळ. ‘जेंडर रिव्हील’ म्हणजे पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करणं, आणि गर्भाचं लिंग सांगायला आपल्याकडे 1994 च्या पीसीपीएनडीटी कायद्याने बंदी आहे. त्याच्या सहा वर्षं आधी, 1988 मध्ये, असा कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्रच. आणि महाराष्ट्रातल्या आत्या-मावश्या हा मेसेज पुढे ढकलतायत! आपल्याकडे दोन झाकलेल्या वाट्या असतात, एकीत बर्फी, एकीत पेढा, आणि तिने एक उघडायची. कचरा शून्य, आणि उरलेलं खाता येतं.

तिसरा मुद्दा फुलांच्या वाडीचा. ‘खऱ्या फुलांचे दागिने घ्या म्हणजे कचराच नाही.’ दिशा बरोबर, माहिती अर्धी. आज तयार मिळणाऱ्या बऱ्याच सेटमध्ये शेवंतीच्या पाकळ्या आणि मोगऱ्याच्या कळ्या फोमच्या शीटवर ग्लू गनने चिकटवलेल्या असतात. ती गोंदाची कांडी प्लास्टिकचीच. असा बाजूबंद निर्माल्यात टाकला की फुलं कुजतात, सांगाडा खतात राहतो. फुलवाल्याला ऑर्डर देतानाच सांगायचं: सुई-दोरा किंवा केळीचं सोपट, मुकुट आणि धनुष्यबाणाला बांबूची काडी, फोम नको, ग्लू नको, चमकी नको. दोऱ्यावर ओवलेली वाडी जड होते आणि चार तासांत मलूल पडते. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच घ्यायची, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून पाटीत ठेवायची. फ्रिजमध्ये नाही, मोगरा काळवंडतो. झोपाळ्याच्या सजावटीतला तो हिरवा स्पंजही पाहून घ्या. त्यात फुलं खोचतात, पण तो कुजत नाही, नुसता चुरा होतो. त्याच्याजागी मडक्यात ओली वाळू भरा, देठ घट्ट उभे राहतात.

फुगे, बियांची पत्रिका, कापडी पिशवी हे दुसरा, पाचवा आणि सातवा. पटकन उरकू. ‘बायोडिग्रेडेबल’ रबरी फुगे टास्मानिया विद्यापीठात 16 आठवडे गोड्या पाण्यात, समुद्राच्या पाण्यात आणि खतात ठेवून पाहिले, आकार होता तसाच राहिला. फुग्याची प्लास्टिकची काडी आणि सजावटीचं थर्माकोल यांवर तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी मेसेजसोबतच्या फोटोत ‘बाळ येतंय’ ही अक्षरं थर्माकोलचीच! बियांच्या पत्रिकेतून, म्हणजे बिया घातलेल्या, मातीत पेरायच्या कागदातून, ‘एक झाड’ येत नाही, बहुधा झेंडू किंवा सब्जा येतो, तोही कुंडी भरून रोज पाणी घातलं तर. निमंत्रण फोनवर करा. पिशवीचं म्हणाल तर बाजारात ‘कापडी’ म्हणून मिळणारी ती खरबरीत नॉन-वोव्हन पिशवी प्लास्टिकच्याच धाग्याची. आणि खरी सुती असली तरी ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या 2011 च्या हिशोबाने ती 131 वेळा वापरली तर तापमानवाढीच्या बाबतीत एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. प्रत्येक घरात आधीच दहा पिशव्या आहेत. वाण द्यायचंच असेल तर डिंकाचे दोन लाडू कागदात बांधून द्या.

आठवा: ‘उरलेलं अन्न रात्री आश्रमात पोचवा.’ भावना चांगली, वेळ चुकीची. साडेअकराला शिजलेला मसालेभात रात्री आठला कुणालाही द्यायचा नसतो. शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू तग धरून राहतात, भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. द्यायचंच असेल तर पंगत बसण्याआधी वेगळं काढा, पातेल्याला उष्टा डाव लागण्याआधी, आणि दोन तासांच्या आत पोचवा. आश्रमाला आदल्या दिवशी फोन करून विचारा, त्यांचा स्वयंपाक झालेला असतो.

उरूच नये हे केटररला सांगताना ठरतं. तो डोळे मिटून माणशी 100 ग्रॅम तांदूळ धरतो. पुरणपोळी, अळूवडी, साखरभात असताना मसालेभाताला 60 ग्रॅम पुरतात, म्हणजे पन्नास जणींना 5 ऐवजी 3 किलो. पोळ्या माणशी दोन. वर दहाच जास्त ठेवा, पोळी उरली तर दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर संपते. साखरभाताचा डाव छोटा ठेवायला सांगा. आणि आग्रह करायला जी मावशी उभी राहणार आहे, तिच्या हातात पातेलं देऊ नका, पन्ह्याचं तबक द्या.