‘एका कागदासाठी 22 वर्षं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

आयर्लंडमधल्या ट्रान्स स्त्री लिडिया फॉय यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की जन्मदाखल्यावरचा ‘पुरुष’ हा एक शब्द बदलायला 22 वर्षं भांडणं हे भरल्या पोटाचं दुखणं आहे. आपल्याकडे जोगत्यांना, तृतीयपंथीयांना आधीपासून मान आहे, त्यांना कागद कशाला? आणि उद्या कोणीही उठून ‘मी बाई’ म्हणालं तर? तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस हे विचारतो, तेव्हा दोन ओळींत उत्तर देणं बरं नाही.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, दिवसभर कागदच हाताळतो. मागच्या उन्हाळ्यात एक ताई आल्या. आधारवर नवं नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुनं. शिलाई मशीनसाठी कर्ज हवं होतं. दाखला लॅमिनेट केलेला, कोपऱ्यात फुगे आलेले. काचेवर ठेवताना त्यांनी नावावर अंगठा दाबून धरला. “ताई, हात काढा, नाव येणार नाही,” म्हटलं, तरी काढेनात. पहिल्या प्रतीत नावाच्या जागी अंगठाच आला, रेषांसकट. दुसरी प्रत काढू दिली ती तोंड फिरवून. आदल्या दिवशी एका कार्यालयात भर गर्दीत त्यांना जुन्या नावाने तीनदा पुकारलं होतं. बाकावरून उठायचा धीर झाला नाही, नंबर गेला.

याच ताईंना लोक नव्या दुकानाच्या मुहूर्ताला बोलावतात, हातावर नोट ठेवतात, आशीर्वाद घेतात. यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, डोक्यावर घेतलेल्या जोगत्याच्या पायावर डोकं ठेवणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय. तो मान खोटा नाही. पण तो घेऊन खिडकीवर उभं राहता येत नाही.

आता फॉय. त्या आयर्लंडमधल्या दंतवैद्य. 1993 मध्ये त्यांनी नव्या जन्मदाखल्यासाठी अर्ज केला, नकार आला. 1997 मध्ये कोर्टात गेल्या. खटला चालवला तो मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेने, तेव्हा भरल्या पोटाचं म्हणू नका. 9 जुलै 2002 ला त्या हरल्या. दोनच दिवसांनी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनमधल्या ट्रान्स स्त्री क्रिस्टीन गुडविन यांच्या अशाच खटल्यात ब्रिटनविरुद्ध निकाल दिला. ते दोन दिवस वाचताना माझ्या पोटात कालवलं होतं. फॉय पुन्हा उभ्या राहिल्या, 2007 मध्ये जिंकल्या. सरकारने अपील केलं, 2010 मध्ये मागे घेतलं, आणि कायदा व्हायला 2015 उजाडलं. त्या कायद्याखालचं लिंग-ओळखीचं पहिलं प्रमाणपत्र त्यांनाच मिळालं. तोवर त्या सत्तरीला टेकल्या होत्या.

परदेशातलं नको असेल तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यातलं घ्या. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने 2017 मध्ये तृतीयपंथी ज्ञानेश्वर कांबळे, म्हणजे माऊलींना, सरपंच केलं. तिथे लोक तयार होते. जळगावच्या भादलीत तृतीयपंथी अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज मात्र छाननीतच बाद झाला, कारण जागा महिलांसाठी राखीव होती. औरंगाबाद खंडपीठाने तो जानेवारी 2021 मध्ये ग्राह्य धरायला लावला आणि त्या निवडूनही आल्या. मतं देणारं गाव होतंच की, सर. अडलं ते कागदावर.

कागदाने काय होतं हे सोलापूरकराला सांगायला नको. आपल्याकडे सेटलमेंट आहे, ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कुंपणात ठेवलं ती वसाहत. ज्या 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्याच कायद्यात हिजड्यांसाठीही वेगळा भाग होता. तो मुख्यतः उत्तरेकडे लागू झाला. नोंदवहीत ज्याचं नाव चढलं, त्याला मृत्युपत्र करता येत नव्हतं, मुलगा दत्तक घेता येत नव्हता. सरकारने एकदा नोंद करून माणूसपण काढून घेतलंय, तर ते परतही नोंद करूनच द्यावं लागेल.

राहिला गैरफायद्याचा प्रश्न. आयर्लंडमध्ये प्रौढ माणसाने कायदेशीर प्रतिज्ञेवर स्वतःची ओळख सांगितली की पुरे, डॉक्टरचा दाखला लागत नाही. आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांबद्दलच्या 2014 च्या ‘नालसा’ निकालात स्वतःची ओळख ठरवायचा हक्क त्या व्यक्तीलाच दिला. 2019 च्या तृतीयपंथी हक्क कायद्याने मात्र ओळखपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला लावला. उत्पन्नाची, रहिवासाची शपथपत्रं मी रोज टाइप करतो. त्यात खोटं लिहिणारेही असतात, आणि खोटं शपथपत्र हा गुन्हा आहेच. म्हणून कोणी शपथपत्रं बंद करा म्हणत नाही. आणि खिडकीवर हसं होणार हे माहीत असताना फायद्यासाठी कोण हे नाव लावून घेईल?

ताईंचं कर्ज अजून अडकलेलं आहे. ओळखपत्र आलं, दाखला तसाच आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापकालाही आपल्या मनाने बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. शाळेचा अर्ज मी टाइप करून ठेवलाय. एकदा नजरेखालून घालाल का? काय जोडायचं राहिलंय ते तुमच्या लगेच लक्षात येईल. संध्याकाळी सातपर्यंत मी दुकानातच असतो.