‘अशा नायिका मुलींना बिघडवतात’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘नायिका खोटं बोलते, चोरी करते, माणूस मारते, तरी लेखक तिलाच नायिका म्हणतो. असली पुस्तकं तुमच्या मुलीच्या हातात असतील तर आजच काढून घ्या.’ अशा सुरुवातीचा एक लांबलचक मजकूर सध्या फिरतो आहे. रोख आहे यंग अडल्ट फँटसी कादंबऱ्यांवर, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या जादुई, काल्पनिक जगातल्या कादंबऱ्यांवर, त्यातही करड्या छटेच्या, म्हणजे धड चांगल्या नाहीत आणि धड वाईटही नाहीत अशा नायिकांवर. तो माझ्या ताईपर्यंत पोचला आणि तिने माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीच्या हातातलं अर्धवट वाचलेलं पुस्तक काढून घेतलं. ताईने स्वतः त्यातलं एक पानही वाचलेलं नाही. म्हणून मजकुरातला एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा: गुन्हा करूनही नायिकेला शिक्षा होत नाही, त्यामुळे मुलींना गुन्हा योग्य वाटू लागतो. शिक्षा म्हणजे फक्त तुरुंग किंवा फाशी असं धरलं तर बऱ्याच कादंबऱ्यांत ती खरंच होत नाही. भाची वाचत होती त्या कादंबरीतली मुलगी धाकट्या भावाला सोडवण्यासाठी एका पहारेकऱ्यावर फितुरीचा खोटा आळ घेते. त्याला फाशी होते. पुढे त्याच पहारेकऱ्याच्या मुलीशी तिची मैत्री जमते आणि आपण काय केलं ते ती तिला सांगू शकत नाही. गुपित फक्त तिला आणि वाचणाऱ्याला ठाऊक असतं. कथा तिच्याच तोंडून येते, त्यामुळे तिची सगळी समर्थनं आपण ऐकतो. पहिल्या खोट्याच्या वेळी ती पटतात. तिसऱ्या वेळी तेच शब्द पुन्हा कानावर आले की खटकतात. तिच्यावर जीव जडलेला असतानाही ‘हे तू चुकीचं करते आहेस’ असं मनात येतं, आणि ते मुलीच्या मनात आपोआप येतं, कुणी बोट दाखवावं लागत नाही.

दुसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. ‘मानसशास्त्राने सिद्ध केलं आहे की मुलं वाचतात तशी होतात. अशी नायिका आवडणाऱ्या मुलीवर लक्ष ठेवा, तिच्यात काहीतरी बिघडलेलं आहे.’ कुणी सिद्ध केलं, कधी, कुठे, यातलं काहीही दिलेलं नाही. पण हा दावा जुना आहे आणि त्याचं पुढे काय झालं ते नीट नोंदलेलं आहे.

फ्रेडरिक वर्थम हे न्यूयॉर्कमधले मनोविकारतज्ज्ञ. कॉमिक्स वाचून मुलं गुन्हेगारीकडे वळतात, असं सांगणारं त्यांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक १९५४ मध्ये आलं. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर एक नियमावली लादून घेतली. प्रत्येक गोष्टीत चांगल्याचाच विजय व्हावा, गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, त्याच्याबद्दल सहानुभूती वाटेल असं काही दाखवू नये, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. आजचा मजकूर हेच मागतो आहे. ती नियमावली शेवटच्या प्रकाशकांनी सोडली २०११ मध्ये.

वर्थम यांची कागदपत्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २०१० मध्ये खुली झाली. इलिनॉय विद्यापीठाच्या कॅरोल टिली यांनी मूळ टिपणं काढून पुस्तकाशी ताडून पाहिली आणि २०१२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मुलांची वयं बदललेली, त्यांची वाक्यं फिरवलेली, गैरसोयीची कारणं गाळलेली, असं त्यांना आढळलं. त्यात शाळा बुडवणारी १३ वर्षांची एक मुलगी आहे. तिला कॉमिक्समधली एक शूर नायिका आवडायची, आणि पुस्तकात तिच्या वागण्याचं खापर त्या वाचनावर फोडलेलं आहे. ती घरातून पळालेली होती, एका टोळीत सामील होती, हे टिपणांमध्ये होतं. पुस्तकात ते आलंच नाही.

हे वाचून मला वर्थम यांचा राग आला तो या मुलीसाठी. वर्थम वाईट माणूस नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी जवळजवळ मोफत दवाखाना चालवला होता. पण जिच्या घरी काय चाललं आहे हे विचारायला हवं होतं, तिच्या हातात काय आहे तेवढंच पाहिलं गेलं. ‘लक्ष ठेवा’ म्हणणारा मजकूर प्रत्येक घरात तेच करायला सांगतो आहे. ज्या मुलीला खरंच काही बोलायचं असेल, ती अशा घरात कशी बोलेल?

‘पूर्वीच्या कथांतल्या नायिका निर्मळ होत्या’ हा तिसरा मुद्दा. महाभारतातली कुंती आठवा. कर्णाला नदीत सोडते, युद्ध तोंडावर येईपर्यंत गप्प राहते, आणि मग पांडवांसाठी त्याच्याचकडे मागणं मागते. लाक्षागृहातून पांडव तिला घेऊन निसटले तेव्हा आत एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे जळून गेले. ही गोष्ट आपण मुलांपासून लपवत नाही, लपवूही नये.

फँटसी वास्तवापासून तोडते, या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. यातल्या अनेक कादंबऱ्यांत जादू फुकट मिळत नाही. कुणाची आठवण जाते, कुणाचं आयुष्य घटतं. आपल्या कृतीची किंमत कोण भरतं, हा प्रश्न त्याहून थेट कसा विचारायचा?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. काही पुस्तकांत नायक नायिकेला कोंडतो, धमकावतो आणि लेखक त्याला प्रेम म्हणून खपवतो. हे वाईटच आहे. पण तिथे दोष करडेपणाचा नाही. लेखकाने झालेल्या इजेकडे पाहायचंच टाळलं आहे. शिवाय १२ वर्षांची आणि १८ वर्षांची वाचक एकाच फळीवर हात घालते. अमेरिकेतल्या २०१२ च्या एका बाजार-पाहणीत १२ ते १७ वयोगटासाठी काढलेल्या पुस्तकांचे ५५ टक्के ग्राहक १८ किंवा त्याहून मोठे निघाले होते. मोठ्यांसाठीचा मजकूर या फळीवर येतो तो अशामुळेच, आणि प्रकाशकांनी वयाची सूचना ठळक द्यायला हवी. अशा पुस्तकांची नावं घेऊन, प्रसंग दाखवून कुणी टीका केली तर मी सोबत उभी राहीन. फिरणाऱ्या त्या मजकुरात एकाही पुस्तकाचं नाव नाही.