दिवस लहान झाला म्हणून आपले डास झोपत नाहीत

दिवाळीपासून आमच्या जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘दिवस लहान झाला की डास अंडी घालणं थांबवतात, रक्तही पीत नाहीत. परदेशात सिद्ध झालंय. रात्री दिवे कमी लावा, होळीपर्यंत कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून घासायचा) पाळायची गरज नाही.’ हे वाचून माझ्या नात्यातल्या दोन घरांनी टाक्या धुणं सोडलं, म्हणून लिहितेय.

परदेशातलं खरं आहे, पण तो डास वेगळा. युरोप-अमेरिकेच्या थंड भागातल्या क्युलेक्स पिपिअन्सच्या अळ्या आणि कोष आखडणारा दिवस ओळखतात. त्यातून निघालेली मादी रक्ताच्या वाटेला जात नाही. फुलाफळांचा गोड रस पिऊन अंगात चरबी साठवते, तिच्या अंडाशयाची वाढ थांबते आणि तळघरात, गुहेत ती हिवाळा काढते. मध्येच चार दिवस ऊब आली तरी फसत नाही, कारण दिवसाची लांबी दरवर्षी त्याच तारखेला तीच असते. लंडनला दिवस डिसेंबरात जेमतेम 8 तासांचा, जूनमध्ये साडेसोळा तासांचा. जळगावात हा फरक अडीच तासांच्या आसपास.

आपल्या घरातले डास म्हणजे मुख्यतः क्युलेक्स क्विंकेफॅशिएटस आणि डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती. दोघांनाही ही हिवाळी विश्रांती नाही. इजिप्तीचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस, त्याचं तर आणखी वेगळं. जपानसारख्या थंड देशातली त्याची मादी दिवस लहान झाल्यावर वसंतापर्यंत न फुटणारी अंडी घालते, उष्ण प्रदेशातली तसं करत नाही. जात एकच असूनही. तेव्हा ‘डास’ असं सरसकट म्हणणंच चूक.

दिव्यांचं म्हणाल, तर प्रयोगात रात्रीच्या मंद उजेडाने पिपिअन्सची विश्रांती मोडली, एवढं खरं. ज्याला विश्रांतीच नाही, त्याच्यासाठी घर अंधारात ठेवून काय मिळणार?

थंडीत डास कमी दिसतात, हे मान्य. पहाटे पारा 10च्या खाली गेला की अळीची वाढ मंदावते. पण तो थंडीचा परिणाम, आणि घरात तेवढी थंडी नसते.

गेल्या आठवड्यात भुसावळला ताईकडे जिन्याखालचा कूलर ओढला. टब कोरडा ठणठणीत, पण पाणी जिथवर असायचं त्या रेषेवर खसखशीहून बारीक काळे ठिपके. एडिसची अंडी. ती महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात आणि मार्चमध्ये पाणी भरलं की फुटतात. नुसतं विसळून जात नाहीत, काथ्याने घासावी लागतात.

ताई म्हणाली, “अगं, पण आता तर दिवस लहान आहे ना?” मी शेजारच्या रांजणावरची फळी सरकवली. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं म्हणून तो काठोकाठ भरलेला. मोबाईलचा उजेड आत टाकला, तशा अळ्या वळवळत तळाकडे पळाल्या. तारीख होती 18 डिसेंबर.