कॉर्कचा ‘फीन’ आणि कोल्हापूरचा ‘भावा’

गेल्या गणपतीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस वाद चालला होता. माझी भाची पुण्यात सोसायटीच्या कार्यक्रमाचं निवेदन करत होती. सात-आठ वर्षांच्या एका मुलाने तबला असा काही वाजवला, की हिच्या तोंडून माइकवर निघून गेलं, "विषय हार्ड!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्या काकांना मात्र ते झोंबलं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा त्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले होते. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, की अभिजात भाषेच्या व्यासपीठावर ही रीलची भाषा शोभत नाही. मग चुलतभावांनी "नाद खुळा", "काटा किर्र", "जाळ अन् धूर संगटच" असा मारा सुरू केला, आणि काका ग्रुप सोडून गेले. आता परत आलेत, पण बोलत नाहीत.

हे सगळं मी वाचत होते ते कॉर्कहून रिंगास्किडीला जाणाऱ्या बसमध्ये. तिकडे औषधांचे कारखाने आहेत, त्यांतल्या एकात मी काम करते. मागच्या सीटवर शाळेच्या गणवेशातली दोन मुलं होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "कमिअर, फीन," आणि खिडकीबाहेर बोट दाखवून कुठल्याशा ‘ब्यूर’बद्दल काहीतरी बोलला. कमिअर म्हणजे ‘इकडे ये’, पण कॉर्कमध्ये त्याचा अर्थ ‘ऐक की’ असा होतो. फीन म्हणजे गडी, बाप्या. ब्यूर म्हणजे पोरगी. माझ्या पुढे बसलेल्या बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला काकाच आठवले.

कॉर्क हे आयर्लंडचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, पण इथले लोक त्याला खरी राजधानी म्हणतात आणि मनापासून म्हणतात. त्यांचं इंग्रजी वरखाली हेलकावे खातं. डब्लिनवाले त्याची नक्कल करतात. इथे वाक्याच्या शेवटी पुरुषाला ‘बॉय’ लागतो, त्याचा उच्चार होतो ‘बाय’, आणि बाईला ‘गर्ल’ लागतं, मग ती सत्तर वर्षांची का असेना. इंग्लिश मार्केट नावाच्या जुन्या मंडईत मासे घ्यायला गेलं की गल्ल्यावरची आजी मला "हाउ आर यू गेटिंग ऑन, गर्ल?" म्हणते. आमच्या गडहिंग्लजच्या बाजारात भाजीवाली "काय गं पोरी" म्हणायची, त्याच चालीवर. घरापासून इतक्या लांब आल्यावर त्या एका ‘गर्ल’साठी मी कधीकधी गरज नसतानाही मासे आणलेत.

याच मंडईत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला ‘लँगर’ची गोष्ट सांगितली. लँगर हा कॉर्कचा सगळ्यांत प्रसिद्ध शब्द. मूर्ख, डोक्याला ताप देणारा माणूस म्हणजे लँगर. पुरुषाच्या अवयवालाही तोच शब्द, आणि दारू पिऊन तर्र झालेला माणूस ‘लँगर्स’ असतो. मी भारतातली आहे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, हा शब्द तर तुमच्याकडचाच! रॉयल मन्स्टर फ्युसिलिअर्स ही इथल्या भागाची पलटण, १८८१ ते १९२२ या काळातली. तिच्या पूर्वीच्या पलटणी ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होत्या. तिथे शिपायांनी लंगूर पाहिले, आणि गावी परतल्यावर शेजाऱ्याला तेच नाव ठेवलं. या व्युत्पत्तीला पुरावा नाही. पलटणीचा इतिहास खरा, लंगूर खरे, आणि मधला दुवा लोकांनी जोडलेला. तरी ती गोष्ट सांगताना त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. माणूस आपल्या बोलीतल्या एका शिवीचाही वंशवृक्ष इतक्या मायेने जपतो.

शब्द कसे पसरतात हे इथे उघड्या डोळ्यांनी बघायला मिळतं. २०१८मध्ये चॅनल फोरवर ‘डेरी गर्ल्स’ ही मालिका आली. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या शाळकरी मुलींची गोष्ट. त्यानंतर आमच्या कारखान्यातली दक्षिणेकडची माणसंसुद्धा पोरांना डेरीसारखं ‘वेन’ म्हणू लागली आणि एकमेकांना "कॅच युअरसेल्फ ऑन" म्हणजे ‘भानावर ये’ असं सुनावू लागली. ‘क्रॅक’ची कथा आणखी नवलाची. मजा, गप्पा, गंमत या अर्थाचा हा शब्द जगभरच्या आयरिश पबच्या पाट्यांवर आयरिश स्पेलिंगमध्ये मिरवतो. मुळात तो स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडून आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात आला, तिथून खाली उतरला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला गेलिक, म्हणजे आयरिश भाषेचा, पोशाख चढला. आयरिश टाइम्समध्ये शब्दांवर स्तंभ लिहिणारे डियरमुइड ओ म्युरिही या पोशाखावर फार चिडत. त्यांची चीड मला समजते. शब्दावर ते चिडत नव्हते, चांगल्या इंग्रजी-स्कॉटिश बोलीतल्या शब्दाला उगाच आयरिश वेष चढवला जातो म्हणून चिडत होते. हिंदी सिनेमातली मोलकरीण "काय रे बाबा" म्हणत मराठीचा तमाशा करते तेव्हा मलाही तेच होतं. सेंट पॅट्रिक डे या इथल्या राष्ट्रीय सणाला परदेशी पाहुणे कुणीच न बोलणारं नाटकी आयरिश धाटणीचं इंग्रजी बोलतात, तेव्हा माझे सहकारी नुसते हसतात आणि विषय बदलतात.

पण फीन आणि ब्यूरचं तसं नाही. हे शब्द कुठून आले ते कळलं तेव्हापासून मी अस्वस्थ आहे.

ते आयरिश ट्रॅव्हलर्सच्या भाषेतले आहेत. ट्रॅव्हलर्स म्हणजे इथला पिढ्यान्पिढ्या भटकंती करणारा समाज. पूर्वी कथलाची भांडी करायचे, डागडुजी करायचे, घोड्यांचा व्यापार करायचे. २०२२च्या जनगणनेत त्यांची संख्या ३३ हजारांच्या आसपास होती. त्यांची स्वतःची भाषा आहे, ते तिला कँट किंवा गॅमन म्हणतात. बाहेरच्यांना कळू नये म्हणून सांभाळलेली. आयरिश सरकारने त्यांना वेगळा वांशिक समूह म्हणून मान्यता दिली १ मार्च २०१७ला, म्हणजे मी इथे आल्यानंतर. आजही त्यांना घर भाड्याने मिळताना, नोकरी मिळताना, नुसतं पबमध्ये आत जाताना काय सोसावं लागतं हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कॉर्कचं प्रत्येक पोरगं ‘फीन’ म्हणतं. ज्यांचा हा शब्द, त्यांच्याशेजारी राहायला त्याच पोरांच्या आईबापांपैकी कितीजण तयार होतील? शब्द घरात घेतला आणि माणूस दारात उभा ठेवला.

आमच्याबरोबर प्रयोगशाळेत एक मुलगा आहे, कॉर्कच्या उत्तर भागातला. नदीच्या उत्तरेकडच्या कामगार वस्त्यांतल्या लोकांना ‘नॉरी’ म्हणतात, आणि तो शब्द कोण उच्चारतं त्यावर तो लाडाचा की हिणवण्याचा ते ठरतं. कँटीनमध्ये हा मुलगा बोलायला लागला की आम्ही चहा विसरतो. पण डब्लिनच्या लोकांशी व्हिडिओ कॉल असला, की त्याचा आवाज सपाट होतो. ‘ये’ जातं आणि ‘यू’ येतं. हे ‘ये’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’, अनेकांसाठी. प्रमाण इंग्रजीने एकवचन-अनेकवचनाला एकच ‘यू’ ठेवला, आयरिश लोकांनी ‘ये’ जपला. तो चुकीचा नाही, उलट जास्त नेमका आहे. तरी त्या मुलाला त्याची लाज वाटते. एकदा कॉल संपल्यावर मी त्याला विचारलं, की तू असा का बदलतोस. तो म्हणाला, तसं बोललो की ते माझं बोलणं ऐकतात, काम ऐकत नाहीत.

मला पुण्यातलं हॉस्टेल आठवलं. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. माझी आई म्हणते, आज्जी म्हणायची, मीही म्हणत होते. पहिल्याच आठवड्यात मेसमधून खोलीत येऊन मी सहज म्हटलं, "जेवून आलो." तिघी मैत्रिणी हसल्या. वाईट नव्हत्या, पुढे जिवाभावाच्या झाल्या. पण पुढचा महिनाभर त्या मला "आलास का रे?" म्हणायच्या. मग मी ‘आले’ म्हणायला शिकले. शेजारच्या खोलीत बीड जिल्ह्यातली एक मुलगी होती, तिचं ‘पानी’ आणि ‘आनी’ सुटेना. तिने वर्गात तोंड उघडणंच बंद केलं. सेमिनारला ती उभी राहिली नाही, मार्क गेले. तिला विषय येत होता. ‘ण’ येत नव्हता.

आणि आता? कोल्हापूरचा ‘भावा’ मुंबईच्या ऑफिसात पोचलाय. २०२२च्या जूनमध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" म्हणाले आणि ते वाक्य काही दिवसांत गाण्यांत, टीशर्टवर, लग्नाच्या मांडवात पोचलं. महाराष्ट्र मनापासून हसला, मीही हसले. पण सांगोल्याच्या एखाद्या पोराने पुण्यातल्या वर्गात उभं राहून ‘डोंगार’ म्हटलं तर आजही वर्ग हसेल, आणि ते हसू वेगळं असेल. माझं म्हणणं एवढंच आहे. शब्दाची गंमत जरूर करा, उचला, पसरवा. पण तो शब्द ज्याच्या जिभेवर जन्मला त्याला त्याच शब्दासाठी खाली मान घालायला लावू नका.

काकांवर मला राग नाही. ते स्वतः गडहिंग्लजचे. १९७०च्या दशकात पुण्यात नोकरीला लागले. आई सांगते, पहिल्या वर्षी सुटीला आले तेव्हा ते अंगणात एकटे बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, उच्चार सुधारावेत म्हणून. इतक्या कष्टाने जे सोडलं तेच आज स्टेजवर टाळ्या घेतंय, हे पाहून माणूस दुखावणारच.

आणि त्यांची भीती खोटी नाही. भाषा मरते, हे मी या देशात रोज पाहते. इथली मूळ भाषा आयरिश, पण १८३१पासूनच्या राष्ट्रीय शाळांमध्ये शिक्षण इंग्रजीतून. आयरिश बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात काठी अडकवायची आणि शब्दागणिक तिच्यावर खाच पाडायची, अशी शिक्षा अनेक ठिकाणी होती. मग १८४५ ते १८५२चा दुष्काळ. सुमारे दहा लाख माणसं गेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि सगळ्यांत जास्त झळ आयरिशभाषक गरिबांना लागली. आज शाळेत आयरिश सक्तीची आहे. २०२२च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले ७१ हजार ९६८. हा आकडा मी काकांना पाठवणार आहे. कारण तो त्यांच्याही बाजूचा आहे आणि माझ्याही. मराठी टिकवायची तर तिचं शिक्षण हवं, पुस्तकं हवीत, सरकारी कागद मराठीत हवा, यात वाद नाही. पण सक्तीने जे झालं नाही ते इथे बोलीने केलं. आयरिश गेली, तिची हाडं इंग्रजीत शिल्लक राहिली. इथे कुणी रागावलं तर ‘गिव्हिंग आउट’ करतं, ते सरळ आयरिशवरून आलंय. खोट्या स्तुतीला आजही ‘प्लॉमॉस’ म्हणतात. आणि "आयॅम आफ्टर ब्रेकिंग द कप" हे वाक्य! नवीन माणसाला वाटेल, हा कपामागे लागलाय. अर्थ असा, की आत्ताच कप फुटला माझ्या हातून. प्रमाण इंग्रजीत ‘आय हॅव जस्ट ब्रोकन’ म्हणता येतं, पण त्यात ती चुटपुट येत नाही. मराठीत आहे. आपण म्हणतो, "कप फोडून बसलोय."

पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी कारखान्यात टेबलाशी एकटीच हसले होते. शुद्ध इंग्रजीला जमलं नाही ते एका गमावलेल्या भाषेने मागे ठेवलं, आणि ते मला माझ्या आईच्या मराठीतून कळलं. आमचं ‘मी आलो’, विदर्भाचं ‘करून राहिलो’, कोकणातले हेल, हे उद्या कुणाला काय समजावून देतील ते आज कोण सांगणार?

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, जन्म कॉर्कचा. मराठी ती माझ्या आईकडून व्हिडिओ कॉलवर शिकली. रविवारी काही मराठी घरांतली मुलं एकत्र येतात आणि त्यांच्यातल्याच एक ताई त्यांना लिहायला-वाचायला शिकवतात. परवा ती तिथून घुश्शात आली. "मी आलो" म्हटलं म्हणून ताईंनी "आले म्हण" असं सांगितलं होतं.

"मग आज्जी चुकते?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"मग ताई चुकतात?"

त्याही नाही.

ती बूट काढता काढता थांबली. "म्हणजे आम्ही ‘ये’ म्हणतो आणि टीचरला लिहिताना ‘यू’ लिहितो, तसं?"

"हो, तसंच."

"ग्रँड," म्हणाली, आणि माझा फोन घेऊन आज्जीला कॉल लावला. "आज्जी, मी आलो!"