बूमच्या जॅकबद्दल दिलेल्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. सकाळी तुमचं जॉबकार्ड काढलं, फिटर काकांना समोर बसवून सगळं विचारून घेतलं आणि मगच हे लिहितोय. ट्रॅक्टरमागच्या बॅकहोच्या (खोदायच्या यंत्राच्या) बूमचा, म्हणजे मोठ्या हाताचा, जॅक (तो हलवणारा हायड्रॉलिक सिलिंडर) तुम्ही आमच्याकडे दुरुस्तीला दिला होता. त्याबद्दल तुमच्या तक्रारी चार आहेत. चार दिवस सांगून अकरा दिवस लावले. सील किटचे (गळती थांबवणाऱ्या कड्यांच्या संचाचे) ४,२०० सांगून बिल ३४,५०० चं केलं. एवढं करूनही बूम खाली येतोच. आणि रबाळ्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तुमच्या ऑपरेटरवर आमचा माणूस ओरडला. चारही गोष्टी घडल्यात, एकही नाकारत नाही. त्यातल्या दोन सरळ माझ्या चुका आहेत.

आधी बिलाचं. तुमचा ट्रॅक्टर चाळीस वर्षांच्या पुढचा, मागचा बॅकहोही त्याच काळातला, सगळा इंचाच्या मापाचा. बूमचा जॅक आतून चार इंची, रॉड दोन इंची. ४,२०० चा आकडा मी जॅक न उघडता, नुसता गळणारा ग्लँड (रॉड बाहेर येतो तिथलं तोंडाचं झाकण) बघून सांगितला होता. उघडल्यावर रॉडवर ग्लँडच्या पुढे वीतभर क्रोम उडालेलं, खाली गंजाचे खड्डे. मशीन दोन पावसाळे उघड्यावर उभी होती असं तुम्हीच म्हणालात; बकेट जमिनीला टेकवून ठेवली की या जॅकचा रॉड बाहेर राहतो आणि पाणी त्यालाच धरतं. ट्यूबमध्ये, म्हणजे जॅकच्या बाहेरच्या नळकांड्यात, टॉर्च मारला तर आत उभी रेघ. तोंडाजवळ बोट घालून नख आडवं फिरवलं तर नख अडकत होतं. जिथे नख अडकतं तिथे नवं सील टिकत नाही. पहिले आठ दिवस गळत नाही, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि महिन्याभरात सीलची कड कापली जाऊन गाडी परत दारात. ते काम आम्ही करत नाही.

होनिंग करून (आतून घासून) ती रेघ काढायची तर ट्यूब अर्धा मिलीमीटर तरी मोठी झाली असती, आणि त्या मापाचं सील मिळत नाही. म्हणून १०० मिमीची तयार होन केलेली ट्यूब आणि ५० मिमीचा हार्ड क्रोम रॉड घेतला, पिस्टन आणि ग्लँड आमच्या लेथवर काढले, जुन्या जॅकचे दोन्ही आय (टोकाच्या पिनच्या कड्या) कापून नव्यावर वेल्ड केले. पिन ते पिन माप जुनंच ठेवलं, बंद आणि उघड दोन्ही. दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी. ०.८ मिलीमीटरचा हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण त्यापायी दोन इंची रॉडवर ५० चं सील चेपून बसवलेले जॅक आम्ही कितीदा उघडलेत. आता तुमच्या जॅकचं सील किट ठाण्यात, कल्याणला, कुठेही चांगल्या सीलच्या दुकानात मिळेल. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली: चार इंचाचं १०० मिमी केल्यामुळे जॅकची ताकद तीन टक्क्यांनी उतरली. १७५ बार प्रेशरला जुना जॅक साधारण साडेचौदा टनाने ढकलायचा, नवा चौदाने. खोदताना जाणवणार नाही, पण तुमच्या मशीनची गोष्ट आहे, तुम्हाला माहीत हवी.

चूक आहे ती दिवसांत. रॉड वाचवावा, तुमचे पैसे वाचावेत म्हणून मी तो ग्राइंडिंग आणि क्रोमला पाठवला. ग्राइंडिंगनंतर खड्डे अजून खोल निघाले. त्यावर जाड क्रोम चढवलं असतं तर पोपडे निघून सीलमध्ये गेले असते. रॉड परत आला, पाच दिवस वाया गेले, आणि मग तुम्हाला फोन गेला. तोवर जॅक टेबलावर सुटा पडलेला, मशीन आमच्या आवारात उभी, आणि मुरबाडला शेततळ्याचं काम पावसाच्या तोंडावर अर्धवट. त्या क्षणी तुमच्यापुढे हो म्हणण्यावाचून काय उरलं होतं? तो फोन जॅक उघडला त्याच दुपारी जायला हवा होता, रॉड-ट्यूबच्या फोटोसकट. तुम्ही म्हणाला असता की राहू द्या, दुसरीकडे बघतो, तर तो तुमचा हक्क होता. तो हक्क मी काढून घेतला, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ग्राइंडिंगचे २,६०० तुमच्या बिलात लावलेत, ते परत करतोय. माझा अंदाज फसला त्याचे पैसे तुम्ही का द्यायचे?

आता बूमचं. जॅक बसवल्यावर आम्ही तो शेवटपर्यंत नेला, बकेट टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर हलवून प्रेशर सोडलं, पलीकडच्या बाजूचा होज (तेलाचा पाइप) काढून तोंडाखाली डबा धरला आणि परत प्रेशर दिलं. पिस्टनचं सील तेल सोडत असेल तर ते त्या तोंडातून येतं. एक थेंब आला नाही. तरीही बूम उचलून, इंजिन बंद करून रॉडवर खडूची खूण केली तर दहा मिनिटांत १२ मिमी सरकली. आधी हीच खूण ४० वर जात होती. राहिलेलं तेल व्हॉल्व्ह बँकेतून (लिव्हरने तेल वळवणाऱ्या ठोकळ्यातून), झिजलेल्या स्पूलच्या, म्हणजे आतल्या सरकत्या दांड्याच्या, कडेने जातंय. होज काढून बघायची ही तपासणी जॅक खोलायच्या आधी करायची असते. मी केली नाही. जॅक इतका उघड गळत होता की दुसरीकडे बघितलंच नाही. केली असती तर व्हॉल्व्हचंही तेव्हाच कळलं असतं आणि ‘जॅक केला की बूम जागेवर राहील’ असं मी बोललो नसतो. ते बोललो, म्हणून व्हॉल्व्ह बँक खोलून बघायची मजुरी मी घेणार नाही. स्पूल बदलायला लागला तर त्याचा खर्च आधी लिहून देतो, मग तुम्ही ठरवा.

ओरडण्याबद्दल मात्र मी फिटर काकांच्या बाजूने आहे. तुमचा ऑपरेटर पोरगा ट्रायल घेताना चालू इंजिनवर होजवरून उघडा हात फिरवून गळती शोधत होता. होजला सुईएवढं भोक असलं तरी त्यातून निघालेलं तेल कातडी फोडून आत शिरतं. वर दिसतो फक्त एक टोचल्यासारखा ठिपका, दुखतही नाही फारसं, म्हणून माणूस पुसून कामाला लागतो, आणि आत मांस सडायला लागतं. ताबडतोब सर्जनकडे नाही पोहोचलं तर बोट, कधी हातही जाऊ शकतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, हात कधीच नाही. काका ‘हात काढ!’ म्हणून ओरडले, आणि मी तिथे असतो तर मीही ओरडलो असतो. नंतर त्याला चहा देऊन नीट समजावायला हवं होतं, ते राहून गेलं. त्याला पुढच्या वेळी सोबत आणा, काका स्वतः दाखवतील.

तुम्हाला स्टार बदलायला सांगत नाही. तुमचे सात दिवस गेले ते खरे आहेत.

रविवार सोडून कधीही या, सकाळी आलात तर संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्ह बघून होईल. आणि तुमची जुनी ट्यूब न् रॉड रॅकवर तुमच्या नावाची पट्टी लावून ठेवलेत. माल तुमचा आहे. रेघ स्वतः नख फिरवून बघा, आणि जाताना भंगाराला घेऊन जा.