बुटाचं टोक चकाकतंय, आतले बोल्ट कोण बघणार?

माजी विद्यार्थ्यांच्या गटांत एक मजकूर फिरतो आहे. सोबत हार्वर्डच्या पुतळ्याच्या सोन्यासारख्या चकाकणाऱ्या बुटाचा फोटो. सांगणं थोडक्यात असं: ‘अमेरिकी विद्यापीठं आवारात ब्राँझचं (तांबं आणि कथिलाच्या मिश्रधातूचं) शिल्प उभारतात आणि मोकळी होतात. ब्राँझला देखभाल लागत नाही. हिरवा थर त्याचं रक्षण करतो, मुलांचे हात लागून आपोआप पॉलिश होतं, आणि मुलं ते जिवापाड जपतात. आपणही वर्गणी काढून एकदाच खर्च करून टाकावा.’

वर्गणी जरूर काढा. बाकीचं एकेक करून बघू.

‘उभारलं की मोकळे.’ इलिनॉय विद्यापीठाला विचारा. तिथली ‘अल्मा मेटर’ (म्हणजे विद्यामाता) त्याच विद्यापीठात शिकलेल्या लोरॅडो टॅफ्टने घडवली. अनावरण ११ जून १९२९. दोन्ही हात पसरून उभी असलेली माता आणि तिच्यामागे ‘श्रम’ व ‘विद्या’. पदवीचा झगा घालून तिच्यापुढे फोटो काढायचा, हा तिथला शिरस्ता. ऑगस्ट २०१२ मध्ये शिल्प दुरुस्तीला शिकागोजवळच्या कार्यशाळेत नेलं. खर्चाचा अंदाज साधारण १ लाख डॉलर, आणि पुढच्या मे महिन्यातल्या पदवीदानापर्यंत परत आणायचा बेत. उघडल्यावर दिसलं की पाणी आत मुरलंय आणि तुकडे जोडणारे बोल्ट खाल्ले गेलेत. शिल्प परतलं एप्रिल २०१४ मध्ये, खर्च साडेतीन लाखांच्या पुढे गेला. २०१३ च्या मुलांना रिकाम्या चौथऱ्यापुढे उभं राहावं लागलं.

असं का होतं? मोठा ब्राँझ पुतळा भरीव नसतो. साधारण ५-६ मिलिमीटर जाडीचं कवच तुकड्यातुकड्यांनी ओततात आणि मग जोडतात. जुन्या कामांत आत बऱ्याचदा लोखंडी सांगाडा, बोल्ट आणि ओतकामातली गाभ्याची माती राहिलेली असते. सांध्यातून पाणी झिरपलं, माती ओली राहिली, की लोखंड आणि ब्राँझ मिळून बॅटरीसारखं काम सुरू होतं आणि त्यात लोखंड आधी संपतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दाब येऊन कवच तडकतं. थंड मुलखात भर म्हणून पाण्याचा बर्फ होताना तो ९ टक्के फुगतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण चार महिने पाऊस आहे. म्हणून तळाशी, पाणी साचेल त्या प्रत्येक ठिकाणी, १०-१२ मिलिमीटरचं निचऱ्याचं भोक लागतं. चौथऱ्याला गिलावा करणारा गवंडी तेच भोक ‘बरं दिसत नाही’ म्हणून बुजवतो.

‘हिरवा थर रक्षण करतो.’ पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवल्यावर ते कळकतं, हे घरात कुणालाही ठाऊक असतं. त्या कळकाला आपण संरक्षक म्हणत नाही. कोरड्या, स्वच्छ हवेत तयार होणारा तपकिरी, घट्ट थर खरोखर उपयोगाचा असतो. शहरी पावसात गंधकाची आम्लं असतात, त्यातून तांब्याचं हिरवं सल्फेट बनतं. ते पावसाबरोबर ओघळतं आणि चौथऱ्याच्या दगडावर हिरवे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांत पुतळ्याचंच तांबं असतं. समुद्राकाठी, म्हणजे मुंबई-रत्नागिरी-पणजीत, खाऱ्या हवेतल्या क्लोराइडचा उपद्रव वाईट. बोटाने निघणारी फिकट हिरवी भुकटी दिसली, ती झटकल्यावर खाली खड्डा दिसला आणि काही दिवसांत भुकटी परत आली, तर वरून रक्षणासाठी लावतात ते मेण लावून भागत नाही, जुन्या शिल्पांची दुरुस्ती-जपणूक करणारा संवर्धकच बोलवावा लागतो.

‘हात लागून पॉलिश होतं.’ पॉलिश म्हणजे झीजच. आधी मेण जातं, मग रंगाचा थर, मग शिल्पकाराने कोरलेले बारकावे, आणि घामातले क्षार उघड्या धातूवर बसतात. दगडाच्या बाबतीत हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको: पंढरपूरच्या मूर्तीच्या पायांची झीज आणि वज्रलेप, दोन्ही आपल्याला माहीत आहेत. आणि शुभशकुन म्हणून हार्वर्डचा बूट घासतात ते मुख्यतः पर्यटक. डॅनियल चेस्टर फ्रेंचच्या १८८४ च्या त्या पुतळ्यावर ‘जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८’ असं लिहिलंय. चेहरा त्याचा नाही, तो संस्थापक नव्हता आणि स्थापना १६३६ ची. शुभशकुनाचं तेवढं खरं असेल तर असो.

‘मुलं जपतात.’ जपतात, पण चोरांपासून. मेरीलँड विद्यापीठाचं टेस्टूडो कासव १९३३ चं, वजन सुमारे १३५ किलो. प्रतिस्पर्धी विद्यापीठांची मुलं ते पळवू लागली, तेव्हा त्यात ३०० किलोहून अधिक सिमेंट ओतलं. चोरी थांबली, मात्र असं पोट भरलं की निचरा बंद होतो आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा ‘स्पार्टी’ हा योद्ध्याचा पुतळा तर आधी ब्राँझचा नव्हताच. १९४५ मध्ये युद्धामुळे धातू मिळेना, म्हणून लेनर्ड युंगवर्थने तो भाजलेल्या मातीत केला. प्रतिस्पर्धी मिशिगन विद्यापीठाशी सामना असतो त्या आठवड्यात मुलं त्याच्याभोवती रात्रभर पहारा देतात. थंडीवर पहारा चालत नाही: २००५ मध्ये मूळ पुतळा स्टेडियमच्या आत हलवून बाहेर ब्राँझची प्रत बसवावी लागली.

आता वर्षातून एकदा करायचं काम. कोरडा दिवस निवडा, आपल्याकडे पावसाळ्यानंतर एकदा आणि जमल्यास मे महिन्यात पुन्हा. साध्या नळाच्या दाबाच्या पाण्यात सौम्य, आम्ल-अल्कली नसलेल्या साबणाचे थेंब, आणि नैसर्गिक केसांचा ब्रश. प्रेशर पंप नको, तारेचा ब्रश नको (त्याचे लोखंडी कण अडकून गंजतात), आणि चिंच-लिंबू तर अजिबात नको. तांब्याचा गडू घासणं वेगळं. इथे चकाकी आली म्हणजे थर गेला. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. मग गॅसच्या बर्नरने एकेक हातभर भाग तापवा, पाण्याचा थेंब टाकताच चुर्रर्र होईल इतपत. त्यावर ब्रशने मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. निवल्यावर दुसरा हात थंडच, आणि सुती कापडाने घासून घ्या. मेण धुरकटलं तर जास्त तापलंय, खालचा रंग बदलेल. पांढुरके डाग पडले तर आत ओल राहिलीय. काढून पुन्हा करा. हात लागणाऱ्या जागेला वर्षातून एकदा पुरत नाही, तिथे दर महिन्याला थंड मेण.

रंग कोणता ठेवायचा, तेही आधीच ठरवा. कोलंबियाची ‘अल्मा मेटर’ १९०३ मध्ये सोन्याचा मुलामा देऊन बसवली होती. १९६२ मध्ये तो पुन्हा चढवला तर इतकी ओरड झाली की काढून टाकावा लागला. इलिनॉयची माता हिरवीनिळी गेली आणि तपकिरी परतली, तेव्हाही बरेच जण चक्रावले होते.

शिल्पकाराशी करार करताना निदान एवढं लिहून घ्या: मिश्रधातूचं प्रमाण, कवचाची जाडी, आतला सांगाडा आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, सांध्यांचा आणि निचऱ्याच्या भोकांचा नकाशा, आत डोकावता येईल असं एक झाकण, रंगाचा छोटा नमुना. आणि हा कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात न ठेवता, मेण लावणाऱ्या माणसाकडे त्याची प्रत द्या.